उपाशी नाकातला मोगरा

चकलांब्याच्या पारावर बायकांची झुंबड उडाली होती. गावात केबल नुकतीच आली होती, तरी टीव्ही सोडून सगळ्या इथंच. प्रत्येकीच्या हातात नवऱ्याचा सदरा.

"अन्न सोडा, देवी नाकात बसती," गावात आलेला बंकट महाराज सांगत होता. "मंग परक्या बाईचा वास लपत न्हाई." मग तो सदऱ्यावर विभूती शिंपडायचा. उपाशी बाई हुंगायची आणि पांढरीफटक पडायची. पोटभर जेवलेल्यांना मात्र काहीच वास यायचा नाही. चमत्कार तो हाच.

कापड दुकानदार संगमेश्वरची बायको नीलाबाई अशीच उपाशी होती. दुकानासमोर रुद्राणी गजरे विकायची. संगमेश्वर तिच्याशी हसून बोलला की नीलाबाई जळफळायची. पारावर विभूती शिंपडलेल्या त्याच्या सदऱ्याला मोगऱ्याचा वास आला, तशी ती तडक गेली आणि रुद्राणीची फुलांची पाटी गटारात उलटी केली. तिथंच तिला भोवळ आली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर शिवकन्या यांनी तिला तपासलं.

"खोटं न्हाई बाई, वास आलता," महाराजाची सगळी हकीकत सांगून नीलाबाई रडत म्हणाली.

"आला असेल. मला वासाचं न्हाई, विभूतीचं बघायचंय."

नीलाबाई अजून उपाशीच होती; तशाच दोघी पारावर गेल्या. डॉक्टरांनी दोन धुतलेली झबली काढली, एकावर महाराजाची विभूती टाकली आणि नीलाबाईचे डोळे बांधले. पहिल्या झबल्याला तिनं नकारार्थी मान हलवली. दुसरं नाकाशी नेताच म्हणाली, "ह्योच. मोगरा."

डॉक्टरांनी पट्टी सोडली. "हे माझ्या तान्ह्या लेकराचं झबलं हाय. ह्याचं कुणाशी जमलंय?"

बायका हसल्या. महाराज झोळी आवरू लागला.

"राखेत मोगऱ्याच्या अत्तराचा नुसता अंश हाय, उपाशी नाकालाच कळंल येवढा," डॉक्टर म्हणाल्या. "अंगातली चरबी रक्तात एक रस सोडती. त्यो मेंदूला सांगतो, पोट भरलंय. उपाशी राहिलं की त्यो रस कमी होतो. त्यो कमी झाला म्हणूनच मेंदूतला वासाचा भाग तिखट होत असावा, अन्न हुडकायला. देवीचा काय संबंध?"

पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत असंच दिसून आलं.

नीलाबाई रुद्राणीकडे गेली. रुद्राणी गजरा ओवत राहिली. मान वर न करता म्हणाली, "सदरा हुंगलास. मला इचारलं कावून न्हाई?"

नीलाबाईनं गटारात गेलेल्या फुलांचे पैसे तिच्यापुढे ठेवले.

नाकाला वास कळतो. तो आला कुठून, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मत्सर आपल्याला तपासू देत नाही, आणि असे महाराज त्यावरच जगतात. म्हणून कुणावर बोट रोखण्याआधी पोटभर जेवा आणि नीट विचारा.