दुपारचं बोट

प्रयोगशाळेत नवे लॅपटॉप आले त्या दिवशी साहेबांनी छोटंसं भाषण केलं. पासवर्ड आजपासून बंद. पासवर्ड माणूस विसरतो, शेजाऱ्याला सांगतो, नाहीतर चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवतो. हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी स्वतःच्या टेबलाकडे बघायचं टाळलं. यापुढे ज्याचा त्याने बोट ठेवून लॅपटॉप उघडायचा आणि बोट ठेवूनच अहवालावर सही करायची. "पासवर्ड उसना देता येतो, बोट देता येत नाही," असं म्हणून साहेब खाली बसले. टाळ्या झाल्या.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातात रबरी मोजे होते आणि मोज्यांना कुणाच्या तरी विहिरीचं पाणी लागलेलं होतं. बाई म्हणजे तिथल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ. टाकीचं, नळाचं, विहिरीचं पाणी बाटल्यांतून त्यांच्याकडे येई. ते गाळून, प्लेटमधल्या पोषक थरावर ठेवून, रात्रभर उबेत ठेवून त्यात कोण कोण वाढतंय ते त्या मोजत आणि पाणी पिण्याला योग्य की अयोग्य ते लिहीत. बोलणं कमी. पण त्यांनी एकदा अयोग्य लिहिलं की त्यावर कुणी वाद घालत नसे, कारण वादात बाई आवाज चढवत नसत, नुसती प्लेट समोर धरत.

त्याच दुपारी बोटांची नोंदणी झाली. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे 'रिस्टार्ट' म्हणत. कोणत्याही दुखण्यावर त्यांचं पहिलं औषध तेच असे, आणि आता तेही या नावाला ओ देत. रिस्टार्ट टेबलाटेबलाने फिरत बाईंपाशी आले तेव्हा बाई सकाळपासूनच्या नमुन्यांत बुडालेल्या होत्या. "मॅडम, एक मिनिट, फक्त उजव्या हाताचं बोट." बाईंनी मोजा सोलून काढला. दाबा, उचला, दाबा, उचला असं चार-सहा वेळा झालं. पडद्यावर हिरवी खूण आली. रिस्टार्ट पुढच्या टेबलाकडे गेले आणि बाई नवा मोजा चढवून पुन्हा विहिरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बोट ठेवलं. लॅपटॉपने ओळख दाखवली नाही. त्यांनी बोट जरा सरळ धरून ठेवलं, मग जरा तिरकं, मग जोर लावून. पाहुण्यांनी दार ठोठावावं आणि घरमालकाने आतून दिवा मालवावा, तसा पडदा काळा झाला.

रिस्टार्टना निरोप गेला. ते आले दुपारी, आपल्या सवडीने. बाईंनी मोजा काढून बोट ठेवलं, आणि लॅपटॉप लगेच उघडला.

"चालतंय की."

"सकाळी चालत नव्हतं."

"आत्ता चालतंय ना?" रिस्टार्ट म्हणाले. दातांच्या डॉक्टरच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, तशातली गत. तरी आलोच आहोत तर म्हणून त्यांनी लॅपटॉप एकदा बंद करून चालू केला आणि जाताना बजावलं, हात स्वच्छ आणि कोरडे ठेवत जा.

दाराच्या कडीला हात लागला तरी हात धुणाऱ्या बाईला हा उपदेश होता. पण बाईंनी तोही पाळला. सकाळी आल्या की साबणाने हात धुवायच्या, पुसायच्या, वर गरम हवेच्या यंत्राखाली धरायच्या. बोट जितकं कोरडं, तितका लॅपटॉप परका. दुपारी मात्र मोजे काढून वैतागून बोट टेकवलं की जिवाभावाचा मित्र भेटल्यासारखा उघडायचा.

रिस्टार्टनी मग प्रणालीतले काही भाग नव्याने टाकले, काचेवरून कापूस फिरवला, आणि सेन्सर जुना झाला असेल असं निदान केलं. लॅपटॉप नवा होता हे बाईंनी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी काचेवरून पुन्हा एकदा कापूस फिरवला. शेवटी म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण काही लोकांची बोटंच मशीनला चालत नाहीत."

हे निदान मात्र चहाच्या खोलीत चांगलं रुजलं. कुणी म्हणालं, इतकी वर्षं रसायनांत हात घातल्यावर दुसरं काय होणार. कुणी म्हणालं, वयाबरोबर रेषा पुसट होतातच. हिशेबनीस बाईंनी तर त्यांचं बोट उजेडात धरून उलटसुलट पाहिलं आणि चुकचुकल्या. लॅपटॉप उजेडात धरून कुणीही पाहिला नाही.

नवीन बोट नोंदवायचं तर आधी जुन्या बोटाने उघडावं लागे. "मग दुपारी उघडेल तेव्हा नवीन नोंदवू या," असं बाईंनी दोनदा सुचवलं. रिस्टार्टचं म्हणणं, जे बोट चालतंय ते पुन्हा कशाला नोंदवायचं, आणि जे चालत नाही ते नोंदवून काय उपयोग. तर्क असा गोल होता की त्याला हात घालायला कुठे कडच सापडेना. शिवाय नोंदणीच्या जागेची किल्ली त्यांच्याकडे. बाईंना बोट फक्त काढून टाकता येई, घालता येत नसे.

एवढ्यावर भागलंही असतं. सकाळचे अहवाल दुपारी जात, लोक कुरकुर करत. पण त्या आठवड्यात नव्या वसतिगृहाच्या टाकीचं पाणी आलं. सोमवारी तिथे मुलं राहायला येणार होती. पहिल्याच तपासणीत प्लेट अशी भरून आली की मोजायला जागा उरली नाही. सांडपाण्याचा पाइप कुठेतरी टाकीत झिरपत असणार. नियमाप्रमाणे दुसरा नमुना घेणं भाग होतं. तो बाईंनी स्वतः जाऊन आणला आणि उबेत ठेवला. निकाल शुक्रवारी सकाळी कळणार होता.

वसतिगृहाचे मालक आणि साहेब रोज सकाळी बरोबर फिरायला जात.

गुरुवारी दुपारी साहेब रिस्टार्टना घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. आवाज मधात बुडवलेला. बाईंचा रोजचा हा त्रास त्यांना बघवत नाही, कामाचाही खोळंबा होतो, तर एक साधा उपाय. बाईंच्या लॅपटॉपवर साहेबांचंही एक बोट नोंदवून ठेवायचं. सकाळी अडलं तर साहेब उघडून देतील. रिस्टार्ट मान हलवत होते. बाईंनी भाषणातल्या उसन्या बोटाच्या वाक्याची आठवण करून दिली. साहेब हसले. "अहो, उसनं कुठे, मी आपण होऊन देतोय."

बाईंनी दुपारच्या बोटाने लॅपटॉप उघडून दिला. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांच्या ध्यानात यायच्या आत साहेबांचं बोट नोंदलंही गेलं, तेही पहिल्या दाबात. कधी कशाने झिजलं नव्हतं, भिजलं नव्हतं, की चटका लागून पोळलं नव्हतं. लोण्यासारखं बोट. लॅपटॉपने त्याला हसतमुखाने घेतलं. पडद्यावर बाईंच्या नावाखाली ओळ आली: दुसरं बोट.

रिस्टार्ट गेल्यावर साहेब थांबले. वसतिगृहाचं काय करायचं म्हणताय, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, उद्या प्लेट पाहीन, आज सांगता येत नाही, पण पहिलीसारखीच निघाली तर अयोग्य. साहेबांनी सुस्कारा टाकला. अयोग्य हा शब्द फार कडक आहे. समाधानकारक, पण पुढे कधीतरी पुन्हा तपासावं, असंही लिहिता येतं. बाई म्हणाल्या, तसं लिहिता येणार नाही.

"नका लिहू," साहेब सौम्यपणे म्हणाले. "तुम्ही कशाला मनस्ताप करून घेता? उद्या दहाला तुमच्या सहीने मी पाठवतो. नाहीतरी सकाळी तुमचं बोट चालत नाहीच."

ते गेले. बोट दिलं की मनगट धरणारी माणसं बाईंनी पाहिली होती. मनगट धरायला स्वतःचं बोट आणून देणारा माणूस त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी लगेच लॅपटॉपकडे वळून साहेबांचं बोट काढून टाकायचं ठरवलं, पण एवढ्या बोलण्यात पडदा झोपी गेला होता, बोटही एव्हाना कोरडं झालं होतं, आणि त्याने बाईंना ओळखलं नाही. तोवर ऑफिस सुटलं आणि शिपाई खोलीला कुलूप लावायला आला. लॅपटॉप बाहेर न्यायची परवानगी नव्हती.

संध्याकाळी घरी बाई भांडी घासायला उभ्या राहिल्या. राग आला की त्या भांडी घासत, त्यामुळे घरातल्यांना भांड्यांच्या चकाकीवरून ऑफिसची हवा कळे. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून पुसून ठेवत होत्या. नवऱ्याने टेबलावरून आपला फोन उंचावून दाखवला. "माझा बघ, बोट टेकायच्या आत उघडतो."

"तुला सगळेच लगेच ओळखतात," सासूबाई म्हणाल्या. "उधारीमुळे दुकानदार तुझ्या बाबांनाही असेच लांबून ओळखायचे." मग सुनेकडे वळून, "अगं, नवं मशीन म्हणजे नवी सून. पहिल्या दिवशी जो समोर आला त्याचाच चेहरा तिच्या लक्षात राहतो. मी नाही का, लग्नात तुझ्या सासऱ्यांना फेट्यात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी टक्कल बघून विचारलं, तुम्ही कोण."

बाई हसल्या. हात पाण्यातून बाहेर काढला आणि हसता हसता थांबल्या. बोटांची टोकं मनुकांसारखी सुरकुतली होती. पांढुरकी, मऊ, रेषा फुगलेल्या. त्यांनी ते बोट डोळ्यांजवळ धरलं. अशी बोटं त्यांना रोज दुपारी दिसत, मोजे सोलल्यावर. सकाळपासून मोज्यात घामाने भिजून निघालेली.

नोंदणी दुपारी झाली होती. मोजा सोलून.

म्हणजे लॅपटॉपने बाईंना कधी पाहिलंच नव्हतं. त्याने फेटा पाहिला होता.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही अगदी बरोबर बोललात."

"मी?" सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "कधी?"

पण हा अंदाज होता. अंदाजावर बाई अहवाल लिहीत नसत.

शुक्रवारी सकाळी त्या लवकर पोचल्या. काचपात्रात कोमट पाणी घेतलं, उजव्या हाताचं बोट त्यात बुडवलं आणि डाव्या हाताने प्लेट काढून उजेडात धरली. पहिलीसारखीच. ठिपक्यांना लागून ठिपके. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजता येईल तेवढं मोजलं. बोट पाण्यातच होतं. माणसाची कातडी घाई केल्याने सुरकुतत नाही, आणि घड्याळाला ते कुणी सांगितलेलं नसतं.

साहेब दहाच्या आधीच आले. काचपात्रातल्या बोटाकडे पाहून त्यांनी विचारलं, भाजलं का?

"नाही. भिजवतेय."

साहेबांनी ही नवी पद्धत असेल अशी समजूत करून घेतली. बाईंच्या पद्धती त्यांनी कधीच समजून घेतल्या नव्हत्या, त्यामुळे एकीची भर पडून काही बिघडत नव्हतं. ते खुर्ची ओढून लॅपटॉपपुढे बसले आणि बोट उचललं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वसतिगृहाचे मालक. साहेब बोलत बोलत उठले, कारण असली बोलणी बसून होत नाहीत, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. "काही काळजी करू नका," हे शब्द दोनदा आत ऐकू आले.

बाईंनी बोट बाहेर काढलं. अजून पुरतं भिजलं नव्हतं. एका बाजूला सुरकुत्या, दुसरी बाजू गुळगुळीत. रुमालावर एकदाच हलकं टिपलं आणि ठेवलं. पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी बोट परत पाण्यात घातलं. व्हरांड्यातला आवाज वळून जवळ येऊ लागला. बाईंनी प्लेटवरचा आकडा मनात पुन्हा म्हटला, बोट काढलं, टिपलं, आणि भिजलेली बाजू खाली करून ठेवलं.

उघडला.

त्यांनी अयोग्य लिहिलं. आकड्याच्या जागी मोजता येण्यापलीकडे असं लिहिलं, बोटाने सही केली आणि पाठवलं. असा अहवाल एकाच वेळी मालकांकडे आणि पाणीपुरवठा खात्याकडे जाई, आणि खात्याचं माणूस मग टाकीला सील लावायला निघे. मग बाईंनी नोंदणी उघडली, 'दुसरं बोट' या ओळीवर टिचकी मारली, आणि लॅपटॉपने खरंच काढू का असं विचारल्यावर हो म्हटलं.

साहेब आत आले तेव्हा पडदा मिटलेला होता आणि बाई पुढच्या नमुन्यासाठी मोजे चढवत होत्या. साहेबांनी बोट ठेवलं. पुन्हा प्रयत्न करा. तिरकं ठेवलं. जोर लावून ठेवलं. रिस्टार्टना बोलावणं गेलं आणि ते या वेळी धावत आले. त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. साहेबांचं बोट पाहिलं. "साहेब, राग मानू नका, काही लोकांची बोटंच..." इथवर येऊन त्यांना नोकरी आठवली, आणि त्यांनी वाक्य बदललं. "हात स्वच्छ धुऊन या. कोरडे करून. सकाळी होतं असं."

साहेब बेसिनकडे गेले. नळ बराच वेळ वाहत होता. मग गरम हवेचं यंत्र सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

टेबलावर राहिलेला त्यांचा फोन वाजू लागला. पडद्यावर वसतिगृहाच्या मालकांचा हसरा फोटो होता. वाजून थांबला आणि लगेच परत वाजायला लागला. बाईंनी तो उचलला नाही. दुसऱ्याच्या वस्तूला बोट लावायची त्यांना सवय नव्हती.