नवरीच्या जागी

कुठलंही लग्न असो, नवरीच्या जागी नवरीच्या आधी वहिनी उभ्या राहायच्या. मास्तरांचा तसा शिरस्ताच होता. नवरीला कारंज्याजवळ उभं करायचं असलं, तर आधी वहिनींनी कारंज्याजवळ जायचं, हनुवटी जरा वर करायची आणि ऊन नाकाच्या कुठल्या बाजूला पडतंय ते मास्तरांना बघू द्यायचं. मास्तर एक फोटो काढायचे, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघायचे, माशी हाकलावी तसा हात हलवून वहिनींना बाजूला व्हायला सांगायचे आणि तो फोटो तिथल्या तिथे पुसून टाकायचे. उगाच जागा खातो, म्हणायचे. मग खरी नवरी यायची. या धंद्यात वहिनी इतक्या वेळा नवरीच्या जागी उभ्या राहिल्या होत्या की एखादीने हेवा करावा. फरक एवढाच, की यांच्या शेजारी नवरा कधी नसायचा. तो समोर, एक डोळा मिटून.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. पण "मागची रांग, मी सांगेन तेव्हाच हसायचं" हे ते अशा आवाजात म्हणायचे की चांगले मिशीवाले लोक खिशातले हात बाहेर काढायचे. नाव तिथूनच पडलं. आणि मास्तरांची बायको म्हणून त्या जगाच्या वहिनी.

आजचं लग्न शहराबाहेरच्या एका मोठ्या बागेतल्या घरी होतं. मालक कुठे असायचे कोण जाणे, घर आता लग्नाकार्यालाच दिलं जायचं. लांबलचक हिरवळ, दुतर्फा जुन्या झाडांची वाट, दर्शनी दाराला रुंद दगडी पायऱ्या आणि भिंतभर चढलेली वेल. वसंत ऐन भरात होता. झाडांना पोपटी पालवी फुटलेली, आणि ऊन इतकं लख्ख की कोणाच्या कोटावरचा पांढरा केस लपू नये. जो तो म्हणत होता, काय सुंदर ऊन पडलंय. फोटोवाल्याच्या घरात असल्या उन्हाला सुंदर म्हणत नाहीत. डोळ्यांखाली खड्डे, नाकाखाली सावलीची मिशी आणि टकलावर दिवा, एवढंच ते ऊन देतं. म्हणून वहिनींच्या काखेत कायम एक पांढरा तक्ता असायचा. त्याच्यावर ऊन झेलायचं आणि हलकेच माणसांच्या तोंडावर परत टाकायचं. बायकांना त्या तक्त्याचं महत्त्व पटकन कळायचं. पुरुषांना कळायचं, पण ते दाखवायचे नाहीत.

वहिनींचं मन मात्र आज उन्हात नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं होतं.

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मास्तरांनी तर नाहीच नाही. पण घरी संगणकावर फोटो निवडायचं काम वहिनींचं, आणि गेल्या हिवाळ्यापासून त्यांना एक प्रकार दिसायला लागला होता. नवरीच्या मागचं झुडूप पानापानांसकट स्वच्छ, आणि नवरी धुक्यात. हल्लीचे कॅमेरे फोकस आपला आपण धरतात, पण मास्तर ती सोय बंद करून ठेवायचे आणि लेन्सचं कडं बोटांनी फिरवायचे. मशीनला काय कळतंय कोणाच्या डोळ्यात बघायचं, हे त्यांचं म्हणणं. बोटं अजून पक्की होती. डोळा दगा देत होता.

वहिनी काही बोलल्या नाहीत. मास्तरांना चहात साखर कमी टाकली तरी तो स्वभावावर ठपका वाटायचा, तिथे डोळ्यांचं कोण काढणार. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. हा माणूस घरात गप्प, नातेवाइकांत अवघडलेला, लग्नाच्या पंगतीत कोणाशी काय बोलावं ते न कळणारा. कॅमेरा हातात आला की मात्र राजा. तोच काढून घेतला तर मागे काय उरेल, याचा अंदाज त्यांना होता. मग त्यांनी एक लहान कॅमेरा घेतला. पाहुण्यांच्या गमतीजमती टिपायला, असं सांगितलं. मास्तरांच्या खांद्यामागून त्या तेच फोटो हळूच काढून ठेवायच्या आणि अल्बममध्ये धुकट फोटोच्या जागी आपला लावायच्या. गिऱ्हाईक खूश. मास्तर अल्बम चाळायचे, एखाद्या पानावर थोडे जास्त थांबायचे, "बरा आलाय" म्हणायचे आणि पान उलटायचे. वहिनींचा जीव भांड्यात पडायचा.

सकाळी आल्या आल्या नवरीच्या आत्याने दोघांना झाडाखाली गाठलं. ही आत्या म्हणजे लग्नाचं चालतंबोलतं कार्यालय. गळ्यात किल्ल्या, हातात पंखा, आणि कोण कुणाशेजारी बसलं तर तोंड वाकडं करील याचा सगळा हिशेब डोक्यात. तिचं म्हणणं असं, की बाकीचे सगळे फोटो बिघडले तरी चालतील, पण एक बिघडून चालणार नाही. तिचे दोन भाऊ, म्हणजे नवरीचे वडील आणि काका, कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण घरावरून नव्हतं की जमिनीवरून नव्हतं. त्यांचे वडील शेवटचे आजारी असताना उशाशी जास्त कोण जागलं, यावरून होतं. ज्यांच्यासाठी जागले ते केव्हाच शांत निजले, आणि हे दोघे अजून जागेच. नवरीने काकाला गळ घातली होती की पायऱ्यांवरच्या घरच्या फोटोत एकदा तरी बाबांशेजारी उभा राहा, तेवढाच माझा आहेर. काका कबूल झाला होता, पण फोटो झाला की निघणार होता. बाहेर त्याची गाडी तोंड फिरवूनच उभी होती.

"एकदाच उभे राहतील," आत्या म्हणाली. "दुसऱ्यांदा मला जमायचं नाही."

लग्न लागलं. टाळ्या झाल्या, सह्या झाल्या, डोळे पुसून झाले. मास्तरांनी घरच्यांना पायऱ्यांवर उभं केलं. घराच्या सावलीत तोंडं काळवंडत होती, म्हणून वहिनींना तक्ता दोन्ही हातांनी धरून वाकावं लागलं. लहान कॅमेरा पिशवीत राहिला. मधोमध नवरा-नवरी, मागच्या पायरीवर दोघे भाऊ. शेजारी म्हणायला शेजारी, पण मधून एक जाडजूड पाहुणा आरामात निघून गेला असता. दोघेही समोर असे बघत होते की जणू शेजारी खांब आहे.

मास्तरांनी कडं फिरवलं. पुन्हा फिरवलं. एक दोन तीन म्हणाले. सगळे मास्तरांकडे बघून हसले, भाऊसुद्धा, दात दाखवण्याचा कर भरावा तसे. खटका पडला.

"झालं," मास्तर म्हणाले.

काका त्याच पावली पायऱ्या उतरू लागला. वहिनी तक्ता टेकवून मास्तरांजवळ आल्या आणि नेहमीसारखं पडद्यावर डोकावल्या. भिंतीवरची वेल अशी आली होती की कोवळी पानं खुडून घ्यावीत. पायऱ्यांवर नुसते रंग होते. नवरी एक पांढरा ढग, आणि दोघे भाऊ दोन करडे.

मास्तर पडद्यावर बघत होते. पडदा त्यांनी थोडा लांब धरला, मग जवळ आणला. वहिनींनी ते बघितलं. चार माणसांत खरं सांगितलं, तर मास्तरांची अब्रू या पायऱ्यांवर जाणार. गप्प बसलं, तर या घराचा हा एकच फोटो गेला. आणि काका हिरवळीवर पोचलासुद्धा होता.

"माझं चुकलं हो," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "माझा तक्ता आत आला. सगळ्यांच्या मधोमध. पुन्हा घ्यावा लागेल."

आत्याने त्यांच्याकडे जे बघितलं, त्यात किल्ल्यांच्या जुडग्याचं सगळं वजन होतं. मग ती पंखा फेकून काकाच्या मागे पळाली. नवरी तिच्या मागे, लांब झगा दोन्ही हातांनी उचलून. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, एवढ्या वर्षांच्या फोटोवाल्या बाई, पण बघा. वहिनींनी ऐकून घेतलं.

मास्तर मात्र वहिनींकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत वहिनींच्या तक्त्याचा कोपरा एकाही फोटोत आला नव्हता, हे दोघांनाच माहीत होतं.

"ऊन सरकलंय," मास्तर म्हणाले. "आधी उजेड बघायला हवा."

वहिनी सवयीने पायऱ्यांकडे निघाल्या. मास्तरांनी त्यांना हाताने थांबवलं, गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. धर म्हणून नाही. नीट, दोन्ही हातांनी दिला. मग स्वतः पायऱ्या चढले आणि नवरीच्या जागी जाऊन उभे राहिले.

समोर पायरीवर वहिनींचा नवरा उभा होता आणि आपल्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. त्याने ते मागे घेतले, पुढे आणले, शेवटी पोटावर ठेवले. चेहऱ्यावर भाव असा, की दात काढायला बसलाय. जगाला ताठ उभं करणारा माणूस स्वतः मात्र वाकडा उभा होता. वहिनी कॅमेरा गळ्यात अडकवून त्याची कॉलर सारखी करायला वर गेल्या.

"तुझे फोटो मला कळतात," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "अल्बममधले."

वहिनींचे हात कॉलरवर थांबले.

"तुझ्या फोटोत माझ्याकडे कोणी बघत नसतं," मास्तर म्हणाले. "आपापसांत बघत असतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस का?"

वहिनींनी उगाच पुन्हा कॉलर सारखी केली.

"खाली जा आता," मास्तर म्हणाले. "आणि फोकसचं ते बटण लाव हवं तर. माझं लक्ष नाही."

वहिनी खाली उतरल्या. बटण लावलं. मास्तर खरोखरच दुसरीकडे, कारंज्याकडे बघत होते. वहिनींनी उजेडाचा तो एक फोटो काढला आणि हात हलवून मास्तरांना बाजूला व्हायला सांगितलं, अगदी माशी हाकलल्यासारखं. मास्तर निमूटपणे गेले आणि तक्ता घेऊन उभे राहिले.

तोवर आत्याने काकाला दंडाला धरून आणलं होतं. माणसं आपापल्या जागी गेली आणि एक दोन तीनची वाट बघू लागली. पण वहिनींनी कधी आकडे म्हटले नव्हते, आज कुठून म्हणणार. त्या कॅमेरा डोळ्याला लावून नुसत्या उभ्या राहिल्या. क्षण गेला, दुसरा गेला. हसू धरून धरून लोकांचे गाल दुखायला लागले, आणि शांतता अशी पसरली की कोणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं.

"तूच डोळे मिटले असशील," काका समोर बघतच म्हणाला. "लहानपणापासून मिटतोस. तक्त्याचं नाव पुढे केलं असेल बाईंनी."

मास्तरांच्या हातातला तक्ता जरा हलला.

"मला कुठली सवड डोळे मिटायला," नवरीचे वडील म्हणाले. "बाबांपाशी मिटायचास तू."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. नवरीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. वहिनींनी बोट खटक्यावर ठेवलं, पण दाबलं नाही.

"मिटायचो," काका म्हणाला. "बाबाच म्हणायचे, तू झोप, तो आहे."

नवरीच्या वडिलांनी मान वळवली. बहुधा कित्येक वर्षांनी त्यांनी भावाकडे सरळ बघितलं असेल.

"मला म्हणायचे, तू झोप, धाकटा आहे," ते म्हणाले.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग काकाच्या नाकातून हसण्यासारखा एक आवाज आला, आणि नवरीच्या वडिलांचे डोळे भरले ते तसेच राहिले, आणि मधल्या त्या जाड पाहुण्याला जायला आता जागा नव्हती. वहिनींनी खटका दाबला. कॅमेऱ्याकडे एकही माणूस बघत नव्हता.

काका नंतर जेवायला थांबला. गाडी तशीच तोंड फिरवून उभी राहिली.

उरला होता झाडांच्या वाटेवरचा, नवरा-नवरीचा शेवटचा फोटो. ऊन कलून पानांतून खाली गळत होतं. मास्तर तक्ता काखेत मारून वहिनींच्या शेजारून चालत होते, आणि वहिनी त्यांना सांगत होत्या की तो हनुवटीखालून धरायचा असतो, पोटावर ढालीसारखा नाही. मास्तर हं हं करत होते. मग म्हणाले, पायऱ्यांवरचा तो माझा पुसलास का.

"उगाच जागा खातो," वहिनी म्हणाल्या.

"कसा आला होता?"

"डोळे बारीक केले होतेत. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून यायचंय ते."

"तू येशील बरोबर?"

"नाही तर मी काय करणार घरी."

मास्तर पावलं जरा भरभर टाकू लागले. वाटेच्या मध्यावर, जिथे दोन फांद्यांमधून उजेडाचा एक गोल कवडसा पडला होता, तिथे वहिनी जुन्या सवयीने दोन पावलं पुढे झाल्या. पण तिथे आधीच कोणीतरी पोचलं होतं. तक्ता झाडाला टेकवून, हात पोटावर ठेवून, हनुवटी जरा वर करून मास्तर उभे होते.

वहिनींनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि या फोटोला जरा जास्तच वेळ घेतला.