पाचव्या तासाचं स्टायरीन

कोत्का बंदराजवळच्या त्या कारखान्यात भिंतीच्या रंगात घालायचा चीक बनायचा. स्टायरीन आणि ॲक्रिलेट ही दोन द्रव्यं गरम टाकीत एकमेकांना जोडली जाऊन त्यांच्या लांब साखळ्या व्हायच्या. साखळीत कोण कधी, किती शिरतं, याचं गणित मांडायला इर्या लाम्पेलाला नोकरीवर घेतलं होतं. तिच्या गणितानं स्टायरीन अधाशी होतं, तिसऱ्या तासालाच संपायला हवं होतं. टाकीतून काढलेल्या नमुन्यात मात्र ते पाचव्या तासालाही सापडायचं.

"बाईसाहेबांच्या कम्प्युटरला सर्दी झालीय," टाकी सांभाळणारा टाइस्टो कॉफी पिताना सगळ्यांदेखत म्हणायचा. सगळे खिदळायचे. तीन महिने हेच चाललं होतं.

शेवटी एका सकाळी ती खाली टाकीपाशीच जाऊन उभी राहिली. टाइस्टोच्या नोंदवहीत लिहिलं होतं, सगळं स्टायरीन सुरुवातीलाच सोडलं. प्रत्यक्षात टाइस्टोनं व्हॉल्व्ह निम्म्यावरच बंद केला, आणि मग तासातासानं थोडं थोडं सोडत राहिला.

"ही वही खोटी आहे!"

"वही खोटी, माल खरा. तुमच्या लॅबच्या कृतीनं रंगाला तडे जायचे. अकरा वर्षं मी निस्तरतोय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. तुझ्याआधीचा शहाणा म्हणाला, तू व्हॉल्व्ह फिरव, डोकं चालवू नकोस."

"आणि मला तीन महिने वेड्यात काढलंत?"

"इथे खाली आज पहिल्यांदा आलीस. आधी आली असतीस तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं."

तिनं वर जाऊन खरे आकडे घातले. आलेखाची रेघ एकूण एक नमुन्याच्या आकड्यावरून गेली. आनंद झाला, पण डोक्यातली आग विझली नाही. अहवालातून वहीची गोष्ट गाळता आली असती. तिनं ती सविस्तर लिहिली.

टाइस्टोला ताकीद मिळाली आणि पिंपं धुवायला धाडलं गेलं. त्याचीच पद्धत कारखान्याची नवी कृती ठरली, खाली नाव इर्याचं. "त्यांचंही घालायचं का?" तिनं साहेबांना विचारून पाहिलं. "खोट्या नोंदी करणाऱ्याचं?" साहेब म्हणाले. तिनं पुढे ताणलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ती कॉफीला आली, तर टेबल एकेक करून रिकामं झालं. टाइस्टो शेवटी उठला.

"स्टायरीन सोडताना कधीकधी फेस वर येतो. तेव्हा काय करायचं, आहे का गणितात?"

"नाही," ती म्हणाली. "काय करायचं?"

"शोध," तो म्हणाला आणि कप विसळायला निघून गेला.