गाडी तापली म्हणून

"गाडी तापतेय असं वाटलं की लगेच बाजूला घ्यायची आणि बंद करायची. विचार करत बसायचं नाही, रुक्मिणी."

हे शेजारच्या सीटवर बसून मला गाडी शिकवायचे, तेव्हा हे एक वाक्य रोज ठरलेलं. आमच्या पहिल्या गाडीचं इंजिन कशेडीच्या घाटात जळालं होतं, त्याची धास्ती त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांची डिझेलची गाडी मी चालवते, तीही त्यांनी सांगितलं तशीच.

यंदा आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरताना मी वांगी सोडली नाहीत. वांगी मला मुळातच आवडत नाहीत; नावडती वस्तू देवासाठी सोडली म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याऐवजी ठरवलं, कार्तिकीपर्यंत धोंडिरामभावोजींना डायलिसिसला मी नेईन आणि मी आणीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकराला.

धोंडिरामभावोजी आणि त्यांची बायको शकु आमच्याच गल्लीत, असल्फ्याच्या टेकडीवर अगदी वर राहतात. ह्यांच्या मिलमधले दोस्त. जाताना ते ठीक असतात, थट्टा करतात. परत येताना मात्र प्रेशर खाली येतं, मागच्या सीटवर आडवं व्हावं लागतं. रिक्षात ते होत नाही. मोबाइलवरून मागवलेल्या टॅक्सीवाल्यांना आमचा चढ दिसला की ते खालूनच रद्द करतात. गेल्या वर्षी एक फेरी चुकली, तर अंगात पाणी भरून तिसऱ्या दिवशी भावोजी आयसीयूत होते. तेव्हापासून शकु कॅलेंडरवर वारांभोवती गोल करते.

श्रावणात कंपनीचा मेसेज आला. प्रदूषणाच्या नियमासाठी गाडीचं सॉफ्टवेअर बदलायचं आहे, फुकट आहे, घेऊन या. मी घेऊन गेले. तासाभरात गाडी परत दिली, वर धुऊनही दिली.

त्यानंतर गाडी बदलली. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये चढायची ती वळणं आता पहिल्याशिवाय होईनात. मधूनच, जागेवर उभी असताना, इंजिनाचा आवाज वाढायचा, पुढचा पंखा घरघरायचा, जळकट वास यायचा. तापली! मी लगेच बाजूला घ्यायची, चावी फिरवायची, दहा मिनिटं थांबायची. असं सहा-सात वेळा तरी झालं असेल. मग एक पिवळा दिवा लागला, तो विझेचना. मला वाटलं, माझ्याच नेमात काही खोट राहिली. सकाळचा चहा सोडला. शनिवारचा उपास धरला. गाडी दाखवायला न्यायचं मात्र सुचलं नाही.

सोमवारी परतताना पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडी थांबलीच. पाय पूर्ण दाबलेला, इंजिन कण्हतंय, आणि चाक पुढे जात नाही. मग ती मागे सरकू लागली. मागे पाण्याचा टँकर होता. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचला. कोणीतरी धावत येऊन चाकाखाली दगड घातला. टँकरवाला ओरडला, "ओ मावशी, घरी बसा ना!" मागून भावोजींचा आवाज आला, "वयनी, माका काय झाला नाय हां." पण उरलेला चढ त्यांना गल्लीतल्या दोघा पोरांच्या खांद्यांवर हात टाकून चढावा लागला. तीनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा ओठ पांढरे पडले होते, आणि गाडीतून उतरून बरोबर चालणारी शकु माझ्याकडे बघत नव्हती.

मंगळवारी गाडी कशीबशी उतरवून सर्व्हिस सेंटरला नेली. रुचिरा नावाची मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने लॅपटॉप जोडला आणि स्क्रीनवरचे आकडे वाचू लागली.

"काकू, गाडी मध्येच बंद कोण करतं?"

"मीच. तापते म्हणून."

"तापत नव्हती हो. साफ करत होती स्वतःला." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला, मला त्यातलं काही कळलं नाही. "धुराची काजळी एका फिल्टरमध्ये साठते. ठरावीक साठली की गाडी ती आतच जाळते. तेव्हा आवाज वाढतो, पंखा फिरतो, वास येतो. अपडेटनंतर हे लवकर लवकर होतं, म्हणजे बाहेर घाण कमी जाते. तुम्ही दर वेळी अर्ध्यात विझवलंत. सात वेळा."

"मग चढत का नाही?"

"फिल्टर भरला की इंजिन आपली ताकद आपणच कमी करून घेतं. आणखी बिघडू नये म्हणून."

"आणि आधीपासूनच ओढ कमी होती, ती? अपडेट केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून?"

तिने स्क्रीन परत स्वतःकडे वळवला. "खालच्या गिअरला थोडी कमी वाटते, हे खरंय. बाकीचेही सांगतात. पण तेवढ्याने तुमची गाडी थांबली नसती."

"हे सगळं मला तेव्हा का नाही सांगितलंत? मेसेजात नुसतं 'सुधारणा' लिहिलं होतं."

मी आवाज चढवत नाही. तरी ती खाली बघू लागली. "सांगायला हवं होतं, काकू."

गाडी ठेवा म्हणाली, मशीनवर साफ करून शुक्रवारी देते. मी म्हटलं, उद्या बुधवार आहे. तिला आधी कळलं नाही. मग भावोजींचं सांगितलं. तिने पेन टेबलावर ठेवलं.

"दिवा अजून पिवळा आहे. लाल झाला की टो करूनच आणावी लागेल. पण आत्ता एक उपाय आहे. हायवेला घ्या. साठचा वेग, सलग अर्धा तास, थांबायचं नाही. आवाज होईल, वास येईल, येऊ द्या. मधे बंद केलीत तर मग माझ्याही हातात नाही."

हायवेवर मी कधी गाडी घातलेली नाही. हे असताना नाही, नंतरही नाही.

गाडी टाकीच्या वळणाच्या खालीच लावली आणि संध्याकाळी पायी वर गेले. भावोजी खाटेवर बसून लिंबाची फोड चोखत होते. पाणी मोजून प्यावं लागतं त्यांना. सगळं ऐकलं आणि हसायलाच लागले.

"म्हणजे माझो फिल्टर चोंदलो, तुमच्या गाडीचोव चोंदलो! दोगांकव एकाच बेडवर झोपवा, वयनी."

"गप ऱ्हवा!" शकु म्हणाली. मला दारापर्यंत सोडायला आली. चौकटीला हात धरून म्हणाली, "रुक्मिणी गो, खरां सांग. जमतला तुका? नायतर मी खुर्चीत घालून माणसां बघतंय. उद्याचो दिवस चुकवू नको फक्त."

सांगावंसं वाटलं, माणसं बघच. तोंडातून निघालं, "अकराला दारात असेन. वरपर्यंत आणीनही."

"शब्द?"

"शब्द."

घरी येऊन ताट तसंच झाकून ठेवलं. मध्येच बंद पडली तर? मागून ट्रक असला तर? ह्यांचं सांगणं पंधरा वर्षं डोळे मिटून पाळलं आणि त्यानेच गाडी घुसमटली, हे मनाला पटेना. त्यांची चूक म्हणावी, तर ते शिकले त्या पहिल्या गाडीला असा फिल्टर नव्हताच. देवापुढे बसले, पण जप मोजताना मणी हातातून सुटत होते.

बुधवारी पाचला उठून आंघोळ केली, दिवा लावला. रोज पोथीचा अध्याय झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. आज पोथी कापडातच राहू दिली. वाहनं वाढायच्या आत मुलुंडचा नाका गाठून परत फिरायचं होतं.

गाडी सुरू केली. पिवळा दिवा होताच. उतारावर ब्रेक धरून सावकाश खाली आले, लिंक रोड लागला, पूल ओलांडला. तळहात एकेक करून पदराला पुसले. हायवेच्या तोंडाशी मागच्या बसने हॉर्न दिला. मी इंडिकेटर लावला, तिला जाऊ दिलं, आणि तिच्यामागे गाडी घातली. चाळीस. पन्नास. विक्रोळीच्या पुढे पंखा घरघरू लागला आणि तो वास आला.

उजवा हात चावीकडे गेला. तो मी परत चाकावर ठेवला, आणि साठावर काटा धरून पुढे निघाले.