लाभ वजा

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, विहिरीचे पाणी मोजणारा. चाकावर गुंडाळलेली पिवळी पट्टी, तिच्यावर मीटरचे काळे आकडे आणि टोकाला शिशाचा गोळा, एवढाच माझा संसार. मला कठड्यावरून खाली सोडायचे, गोळा पाण्याला लागून ‘डुबुक’ आवाज आला की हात थांबवायचा आणि कठड्याजवळचा आकडा वाचायचा. पाणी किती खोल गेले ते मी सांगतो. कारखान्यातले माझे बहुतेक भाऊ आज भिंती नाहीतर कापड मोजत असतील बिचारे. विहिरीतली गार हवा माझ्याच नशिबी आली.

जळगावच्या एका महाविद्यालयाने मला विकत घेतले आणि मी तरुण नावाच्या सरांच्या हाती पडलो. सर भूगोल शिकवत आणि सुट्टी मिळाली की मुलांना घेऊन विहिरी मोजत फिरत. मुक्ताईनगरपासून बोरी नदीपर्यंत मी किती विहिरींत डोकावलो असेन, मलाच ठाऊक नाही. ‘हा टेप खोटं बोलत नाही,’ असे सर सगळ्यांना सांगत. ते ऐकून माझी पट्टी कशी ताठ व्हायची!

पण दृष्ट लागली म्हणा. एका विहिरीत माझा गोळा मोटारीच्या पाइपात अडकला. ओढाओढीत माझा पहिला मीटर तुटला. कसाबसा बाहेर आलेला गोळा सरांनी एकच्या आकड्यापाशी तांब्याच्या तारेने बांधला. तेव्हापासून मी प्रत्येक विहीर एक मीटर जास्त खोल दाखवू लागलो. सर माझा आकडा वाचत, त्यातून एक वजा करत आणि उरलेला आकडा लिहीत.

सरांचे वडील अभयकुमारजी यांचे धान्याचे दुकान. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. लाभ, दोन, तीन, असे मोजत जायचे. सरांचे बालपण तेच ऐकण्यात गेलेले. माझा तुटका तुकडा बघून ते हसले आणि म्हणाले, “लाभ गेला, बाकी सगळं शाबूत आहे!” त्या दिवसापासून माझ्या हरवलेल्या मीटरचे नाव ‘लाभ’ पडले.

पुढे जळगाव आणि धुळे इथल्या दोन महाविद्यालयांनी ठरवले की विहिरींची मापे एकत्र ठेवायची. इतकी वर्षे दोघेही मोजत होते, पण एकाची मापे एका कपाटात आणि दुसऱ्याची दुसऱ्यात. पाणी काही जिल्ह्याची हद्द बघून वाहत नाही. धुळ्याहून या कामाला नूतन मॅडम होत्या, देवपूरच्या महाविद्यालयातल्या. सुरुवातीला मोठी गंमत झाली. जुन्या नोंदींत एदलाबाद होते आणि नव्या नोंदींत मुक्ताईनगर. संगणकाने एकाच गावाची दोन गावे करून टाकली. दोघांनी बसून गावांची नावे जुळवली, तारखा एकसारख्या केल्या आणि नदीकाठची गावे वाटून घेतली. मी सरांच्या पिशवीत पडून सगळे ऐकत होतो. मला फार बरे वाटले.

सरांनी आपली मापे पाठवली. माणूस सचोटीचा, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, ‘लाभ वजा’. म्हणजे, वजा केला आहे.

नूतन मॅडम शेतकऱ्याच्या घरातल्या. खळ्यावर लाभ, दोन, तीन म्हणत त्यांनी बाजरी मापलेली. शेरा वाचून त्या खुदकन हसल्या. सर एक वजा करायला सांगताहेत, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी सगळ्या आकड्यांतून पुन्हा एक वजा केला. परमुलखातल्या कोणी तो शेरा वाचला असता, तर ‘लाभ म्हणजे काय हो?’ म्हणून सरांना फोन तरी केला असता. मॅडमना शब्द चांगला ठाऊक होता, तिथेच घोळ झाला.

आणि त्या घोळाचा फटका बसणार होता पिंपळसोंडे गावाला. पाणी खाली चाललेल्या गावांत बंधारे बांधायचे ठरले होते आणि गावे निवडली जाणार होती आमच्या मापांवरून. तिथली विहीर आधी धुळ्याच्या टेपने मोजत, त्या वर्षी माझ्याने मोजली होती. दोनदा वजाबाकी झाल्यामुळे पाणी चक्क वर आलेले दिसले. गावाचे नाव यादीतून गळायच्या बेतात आले. तिथले सरपंच भाईदास आबा, पांढऱ्या मिशांचे. त्यांना हे कळले तेव्हा त्यांनी थेट मॅडमना फोन लावला. मॅडमनी सरांना बोलावून घेतले. “सर, तोच टेप घेऊन या,” असे त्यांनी बजावले.

आम्ही विहिरीवर पोहोचलो तेव्हा आबा हात मागे बांधून उभे होते.

“मॅडम, तुम्हना कागदवर पानी वर उनं,” ते म्हणाले. “मंग मन्ही मोटार हवा काबरं ओढस? तुम्हना कागद खरा का मन्ही हीर खरी?”

मॅडमनी वही उघडली. त्यांचा चेहरा उतरला होता. सरांनी मला खाली सोडले. डुबुक! मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते. पण टेपला आकडे असतात, तोंड नसते.

“बारा. लाभ सोडून अकरा. लिहा अकरा,” सर सवयीने म्हणाले.

मॅडमचा पेन थांबला. “सर, तुम्ही वजा करूनच लिहिता?”

“अर्थात! शेऱ्यात लिहिलंय ना, लाभ वजा.”

“अहो, मला वाटलं मी करायचाय. मीही केला!”

दोघे एकमेकांकडे बघतच राहिले. आबांना सगळे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग खो खो हसले.

“म्हंजे एकच लाभ दोन जनस्नी काढा! हाई बरं शे!”

त्याच दिवशी आकडे दुरुस्त करून पाठवले गेले. पिंपळसोंड्याचे नाव यादीत राहिले.

पुढच्या वर्षी विहिरीत आपोआप मोजणारी यंत्रे आली. मी कपाटात गेलो आणि माझ्या तारेला गंज चढला. एकदा भंगाराच्या ढिगातही पडलो होतो, पण कामासाठी जळगावला आलेल्या नूतन मॅडमनी मला उचलले. “याची जुनी मापं जपायची तर याचं तुटलेपणही जपायला हवं,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली: ‘या टेपचा पहिला मीटर नाही. टेपवरच्या आकड्यातून एकदा एक वजा करून माप लिहिले आहे. पुन्हा वजा करू नये.’ मित्रांनो, तुम्हीही काही मोजाल, तेव्हा कसे मोजले तेही पुऱ्या वाक्यात लिहून ठेवा. आपल्याला कळते ते सगळ्यांना कळेलच, असे धरून चालू नका. एवढीच माझी विनवणी.

बंधारा झाल्यानंतरच्या हिवाळ्यात यंत्राचा आकडा पडताळायला मला पुन्हा पिंपळसोंड्याला नेले. आबा कठड्याला टेकून खाली वाकले होते. माझा गोळा खाली निघाला आणि बराच वर असतानाच डुबुक झाला.

“नऊ,” सर म्हणाले.

मॅडमनी एक वजा करायला घेतला. मग पेन खाली ठेवून सरांकडे पाहिले. “सर, तुम्ही केला नाहीये ना?”

“नाही. तुम्हीच करा,” सर म्हणाले, “आणि तसं लिहा.”