सातऱ्यावरची सायोबाई

"अन् मंग किल्ल्याचा दरवाजा आतूनच उघडला," दिपाली म्हणाली, आणि बायांचे हात थांबले. कामिनीनं खुडलेल्या मिरच्यांची ओंजळ भरून दिपालीच्या टोपलीत टाकली. पार्वतीबाईनंही टाकली. दोन्ही ओंजळी अंजनाबाईच्या टोपलीवरून पलीकडे गेल्या.

कळमन्याच्या बाजाराजवळ हा मिरचीचा सातरा. टिनाच्या शेडखाली बाया दिवसभर लाल मिरचीचे देठ खुडत. मजुरी वजनावर. गोष्ट सांगणारीचे हात मागे पडतात, म्हणून ऐकणारीनं आपल्यातली ओंजळ तिला द्यायची, असा इथला रिवाज. तो पडला होता अंजनाबाईमुळेच. सात भावांची बहीण, तळ्यातला राजवाडा, चेटकीण सासू, अशा आईकडून आलेल्या गोष्टी ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. तिच्या शेजारची जागा धरायला बाया लवकर येत.

दिवाळीनंतर ही पोट्टी, दिपाली, कामावर आली. बारावी झालेली, मोबाइलवर जपानी कार्टून पाहणारी. कार्टून म्हटलं की अंजनाबाईला मांजर-उंदीर आठवत. पण दिपाली सांगायची त्यात जुन्या काळची राज्यं होती, उभ्या धानासारखी दाट फौज होती, धुक्यातून येणारे मेलेल्या शिपायांचे घोडे होते, आणि सेनापती झालेली सायो नावाची कुंभाराची पोर होती. बाया तिला सायोबाई म्हणत. जणू ती शेजारच्याच वस्तीत राहत होती.

"लढाईत तिले भूक नाई लागत का वं?" पार्वतीबाईनं विचारलं.

"लागते ना. शिळा भात खाते, घोड्यावरच."

"आपल्यासारखीच हाये म्हन मंग!"

"अन् मावशी, तिच्या हातून जो मरते ना, त्याचं नाव ती विचारून घेते. मंग त्या नावानं दिवा लावते."

अंजनाबाईच्या गोष्टींत राक्षस पुष्कळ मरत, पण त्यांना नावं नसत. हे आपल्याला कधी सुचलं कसं नाही, याचा तिला संताप आला.

"बशीएवढे डोळे अन् नाकाचा पत्ता नाई. असल्या चित्रायचं का कौतिक!"

"तुमी कवा पाह्यलं, मावशी?" कामिनी म्हणाली, आणि सगळी शेड हसली.

पाहिलं होतं. जेवणाच्या सुटीत, पाणी प्यायला निघाल्यासारखं करून, दिपालीच्या खांद्यामागून. नदीच्या काठी सायोबाई एकटी उभी होती आणि समोर अख्खी फौज. तेवढ्यात दिपालीनं मोबाइल बंद केला होता. घरी भाकरी थापताना अंजनाबाईच्या डोळ्यांपुढून ती नदी हटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिपालीकडे पाहुणे होते, ती आली नाही. आदल्या दिवशी तिची गोष्ट नदीवर येऊन थांबली होती; बायांचा जीव तिथंच अडकलेला.

"आता कसं करावं वं?" कामिनी म्हणाली.

"मले माहीत हाये पुढचं," अंजनाबाई बोलून गेली.

मग तिनं सांगितलं. सायोबाई पाण्यात उतरली. छातीएवढ्या पाण्यात तिनं एकटीनं फौज थोपवली. शेवटी तिला बाण लागला तो वैऱ्याचा नव्हता. जिच्यासाठी ती लढली, त्या राणीनंच तो मारायला लावला होता. मरता मरता सायोबाईनं बाण मारणाऱ्याचं नाव विचारलं. असं काही आपल्या तोंडून येईल हे अंजनाबाईला ठाऊक नव्हतं. पार्वतीबाई पदर तोंडात धरून रडली. ओंजळींवर ओंजळी पडून अंजनाबाईची टोपली सांडायला आली. मेलीची गोष्ट पोट्टीला पुढे नेता येणार नाही, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर मारलं होतं.

"मेली? कोन म्हनते?" दिपाली दुसऱ्या दिवशी आल्या आल्या ओरडलीच. "जित्ती हाये ती! हे पाहा." तिनं मोबाइल सगळ्यांपुढे फिरवला. नदीच्या पल्याड सायो बसली होती, ओले केस पिळत.

पार्वतीबाईनं निरखून पाहिलं आणि मान हलवली. "हे दुसरीच कोनी असन. आपली सायोबाई रानीनं मारली."

"अवं, तसं नाई हाये ते!"

"तू कुठी होती काल?" कामिनी म्हणाली. "आमी होतो."

दिपालीनं अंजनाबाईकडे पाहिलं. अंजनाबाईनं खाली मान घालून एक देठ खुडला, मग दुसरा. पोट्टीनं टोपली उचलली आणि रांगेच्या पार टोकाला जाऊन बसली.

अंजनाबाईची जागा तिला परत मिळाली. सात भावांची बहीण पुन्हा सुरू झाली. बाया ऐकत होत्या, ओंजळी पडत होत्या. पण सांगता सांगता तिचं मन उठून टोकाकडे जाई. एके दुपारी तिला राहवलं नाही. दिपाली नळाजवळ एकटीच मोबाइल घेऊन बसली होती. घोड्यांच्या टापा बारीक ऐकू येत होत्या.

"पोरी," अंजनाबाई हळूच म्हणाली, "पल्याड निंगाली ना ती? मंग का झालं वं तिचं?"

दिपालीनं वर पाहिलं नाही.

"मेली ना ती, मावशी. तुमीच तं सांगतलं."

तिनं कानात वायर घातली आणि भिंतीकडे तोंड केलं. टापा बंद झाल्या. अंजनाबाईनं डोळे पुसायला हात वर नेला, हाताला मिरची लागलेली आहे हे ध्यानात येऊन तो मध्येच थांबवला, आणि नळ उघडून ती कितीतरी वेळ हात धूत राहिली.