रोजच्यासारखं

रजनीनं हवा ओढणाऱ्या पंपाचा पट्टा देवकाबाईंच्या कमरेला बांधला आणि रबरी नळी पदराखालून खांद्यापर्यंत आणली. नळीच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाची गोल चकती होती. ती पिनेनं अडकवताना तिची बोटं आईच्या मानेला लागली. दोघींनीही वर पाहिलं नाही.

"तासभर असू द्या," ती म्हणाली. "स्वयंपाक रोजच्यासारखाच करा, बाई."

"बरं, म्याडम," आई म्हणाली.

घरोघरची हवा तपासायला नागपूरहून आलेले पेंढारकर सर दारातच उभे होते, नाकाला रुमाल लावून. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जीपमध्ये त्यांनी सहज विचारलं होतं, आणि रजनीही तितक्याच सहज म्हणाली होती, "मी सौसरला राहते, सर. आमच्याकडे गॅस आहे." आज बोरगावच्या गल्लीत त्यांनी बोट दाखवलं ते नेमकं या दाराकडं. आईनं दार उघडलं. "काहून वं, आज लवकर..." एवढंच ती बोलली. मग मागचे साहेब दिसले, लेकीचा चेहरा दिसला. "या, म्याडम," म्हणत तिनं सतरंजी झटकली आणि झोळीतली पोर उचलून बाहेर ओट्यावर निजवली.

"ही कुणाची?" सरांनी विचारलं.

"माह्या लेकीची."

"ती कुठं आहे?"

"कामावर जाते. नोकरी हाये तिले."

आईच्या आवाजातला तोरा ऐकून रजनी हातातल्या पाटीवरचे कागद उगाच सारखे करू लागली.

"पोर रोज बाहेरच असते?"

"नाही. आतच ऱ्हायते, झोळीत. चुलीपाशी बसून भाकरी करता करता नजर ठेवता येते."

"मग आज बाहेर कशाला? रजनीताई, सांगा त्यांना. लेकरू रोज कोणती हवा घेतं तेच तर पाहायचंय. दुसरा पंप झोळीला बांधा."

रजनीनं पंप काढला. पट्टा झोळीच्या दोरीला बांधला.

"बाई, पोरीला झोळीत ठेवा," ती म्हणाली. "रोजच्यासारखं."

आईनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पोर आत आणली.

चुलीतली कपाशीची पऱ्हाटी ओलसर होती. फुंकणीनं फुंकलं तसा धूर उठला, आढ्याला टेकला आणि हळूहळू झोळीवर उतरला. नोकरी लागल्यापासून रजनी सकाळी चूल पेटण्याआधी घर सोडायची, संध्याकाळी विझल्यावर यायची. अशी रिकाम्या हातांनी ती इथं कधी बसली नव्हती. झोळीत खोकला सुरू झाला. तोच, रात्री कुशीत ऐकू येणारा. त्याला ती थंडीचा म्हणत आली होती, तेल कोमट करून छाती चोळत आली होती.

"लेकराला अशा धुरात ठेवतात," सर हळूच तिला म्हणाले. "आईला काही वाटत नसेल?"

भाकर थापणारे हात थांबले.

"तिच्या मायले काही म्हनू नका, साहेब," आई म्हणाली. "तिले कुठं दिसते? मीच ठेवते इथं."

पोर आता रडायला लागली. रजनीचं पोलकं समोरून ओलं झालं. तिनं पाटी छातीशी धरली. पोर रडत राहिली, मध्येच खोकल्यानं तिचा आवाज तुटला, आणि पाटी सतरंजीवर ठेवून रजनी उठली.

तिनं झोळीतून उचललं तशी पोर गप्प झाली. इवलीशी मूठ सवयीनं तिच्या काळ्या पोतीत अडकली.

"रजनीताई, नमुना बिघडेल," सर म्हणाले.

आई पिठाचे हात पुशीत लगबगीनं उठली. "आना इकडं, म्याडम. तुमची साडी खराब होईन."

"होऊ दे, आई."

झोळीवरचा पंप घरघरत होता. सरांनी तिच्या काळ्या पोतीकडं पाहिलं, मग तिनं छातीशी पाटी धरली होती तिथल्या ओल्या डागाकडं, आणि नजर वळवली. नाकावरचा रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. ते ओट्यावर गेले आणि दाराकडं पाठ करून बसले.

तव्यावर भाकर करपत होती. देवकाबाईंनी आधी चुलीतली पऱ्हाटी बाहेर ओढली.

"पाज तिले," त्या म्हणाल्या. "सकाळपासून भुकेली हाये."